एका वाक्यापुरते बसणारे काका

मला एक खरं सांगा. जे वाक्य तुम्हाला पटत नाही, ते चारचौघांत सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायची वेळ आली, तर तुम्ही काय करता? ओठ हलवता ना? मीही हलवले आहेत. शाळेत हलवले, लग्नामुंजीत हलवले, युनियनच्या सभेत तर मूठ वर करून हलवले. शांतवन त्रिभुवन यांनी कधी हलवले नाहीत. ते खाली बसत.

रोह्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं इनमीन चौदा. आमचं चर्च म्हणजे दर रविवारी सकाळपुरती मिळणारी बालवाडीची खोली. भिंतीवर अननस, आगगाडी आणि इमारत, आणि बसायला वीतभर उंचीची लाकडी बाकं. त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, त्यामुळे आमची मंडळी लांबून फार नम्र दिसते.

उपासनेच्या मध्यावर मतांगीकार असतो. म्हणजे आमची श्रद्धा कशावर आहे ते सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं. त्यात येशूबद्दल एक वाक्य आहे, की तो खऱ्या देवापासून खरा देव आहे. हे वाक्य आलं की त्रिभुवनकाका गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसत. बाक म्हणे, कर्र. वाक्य संपलं की उठत. बाक पुन्हा म्हणे, कर्र. आणि पुढचा सगळा मतांगीकार ते इतक्या खड्या आवाजात म्हणत, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं डोकावून बघत.

एकदा एक पाहुणे पाळक आले होते. काका बसलेले बघून त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. त्यांनी मतांगीकार थांबवून पाणी मागवलं. काका पाणी प्याले, आभार मानले आणि म्हणाले, "चक्कर नाय साहेब. मतभेद हाय."

आमच्या घरातलं हे भांडण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, पण देव एकच. याला आम्ही त्रैक्य म्हणतो. येशू हा पुत्र, आणि पुत्र स्वतः पूर्णपणे देव. हे आमचं म्हणणं, म्हणजे काकांचं सोडून बाकीच्या तेरा घरांचं. काकांचं म्हणणं, देव एक म्हणजे एक. येशू त्याचा पुत्र, त्याने पाठवलेला, मरून उठलेला, ज्याच्यासाठी जीव द्यावा असा धनी. पण देव नव्हे. या वादावरून जगात मोठमोठ्या धर्मसभा भरल्या, माणसं हद्दपार झाली. रोह्यात फक्त बाक वाजायचं.

आणि असल्या माणसाचं नाव शांतवन आणि आडनाव त्रिभुवन! मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "आडनावात तीन हायेत तेवढे बास झाले."

काका मूळचे नगरकडचे. तरुणपणी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत वजनकाट्यावर बसले. रिकामा ट्रक आला की वजन, भरून निघाला की वजन. केबिनच्या खिडकीतून आकडा बघायचा आणि चिठ्ठीवर मोठ्या सुट्या अक्षरांत लिहायचा. ड्रायव्हरने कितीही गयावया केली तरी आकडा हलायचा नाही. पुढे जगातली प्रत्येक गोष्ट ते असंच बघू लागले. कुणी काही बोललं की डावा तळहात पुढे करून म्हणायचे, "काट्यावर चढवा!" आणि त्यापाठोपाठ, "काटा खोटं बोलत नाय."

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी भाषण केलं, की वधू लक्ष्मी, सरस्वती आणि अन्नपूर्णा आहे. ख्रिस्ती लग्नात हे कसं चाललं ते विचारू नका, मामांना माइक मिळाला होता. मागून काकांचा आवाज आला, "तिन्ही कशाला? एक नीट व्हऊ दे."

एकदा खांब गावापाशी हायवेवर चहा पिताना त्यांचा एका मुसलमान ट्रकवाल्याशी संवाद जमला. देव एकच, त्याला भागीदार नाही, यावर दोघांचं इतकं एकमत झालं की ट्रकवाल्याने चहाचे पैसे दिले आणि त्यांना रोह्याला सोडतो म्हणाला. "चाचा, आप तो हमारे निकले!" काका केबिनमध्ये चढले आणि म्हणाले, "तुमचा बी नाय. तो क्रुसावर मेला नि तिसऱ्या दिवशी उठला, हे मी मानतो." येशू क्रुसावर मेला हे मुसलमान मानत नाहीत. ट्रक कोलाडच्या नाक्यावर थांबला. पुढचं अंतर काका चालत आले. मला हे सांगताना त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "भला माणूस. पटलं असं खोटं बोलून मला घरापर्यंत नेलं असतं तर त्याचं मन त्याला खात ऱ्हायलं असतं."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत जे वाईट घडता घडता राहिलं ते मी केलं होतं.

मी पत्रकांवर वाढलो. माझे वडील रोह्याच्या एसटी स्टँडवर सुवार्तेची पत्रकं वाटत. आमच्या खाटेचा एक पाय मोडका होता, त्याखाली पत्रकांचा गठ्ठा होता. अक्षरओळख मला त्या गठ्ठ्यातूनच झाली. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न चार पानांत, ठळक मथळा आणि उद्गारचिन्ह टाकून सुटतो, अशी माझी पक्की समजूत होती. वडील गेल्यावर पेणच्या एका छापखान्यात कामाला लागलो. हमरापूरच्या गणपती कारखान्यांची माहितीपत्रकं, लग्नपत्रिका, पापडाची लेबलं छापायची आणि उरलेल्या वेळात जगाला सुनवायचं. चोवीस वर्षांचा होतो. पंच्याण्णव-शहाण्णवची, म्हणजे दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट.

काकांनी मला हेरलं ते तेव्हा. एका रविवारी बालवाडीबाहेर माझा दंड धरून म्हणाले, "छापखाना, तू देवाला तीन मानतोस म्हणं?"

"एक मानतो. त्रैक्य मानतो."

"काट्यावर चढवू. शनिवारी सहाला वरसेला ये. डोकं गरमच घेऊन ये."

काकांचं घर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढे ओटा. ओट्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. आत खाटेवर सगुणाकाकू. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग आणि वाचा, दोन्ही गेलं. समजायचं सगळं, डोळे तर चाकूसारखे. डाव्या हाताशी स्टीलचा चमचा असे. काही हवं असलं की तो खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायच्या. टण. दिवसा त्यांचं करायला भागीरथी यायची. पेणच्या खाडीकडची, मिठागरावर राबलेली बाई. लग्न होऊन वरसेत आलेली.

वादाचे काकांचे दोन नियम होते. एक, आतलं दार सताड उघडं राहील. दोन, मोठ्याने बोलायचं. मी जरा आवाज खाली आणला की ते खेकसत, "मोठ्यानं बोल! खरं माणूस काय कानात सांगतो काय?"

मी बोलत असे. देवा रे, किती बोलत असे!

"काका, येशू मरून उठल्यावर त्याच्या शिष्याने, थोमाने, त्याला माझा प्रभू, माझा देव म्हटलं. येशूने त्याला अडवलं का?"

"अडवलं नाय. पण बाप माझ्याहून थोर हाय, हे कोण म्हणाला? तोच ना? आणि धरला जायच्या रात्री बागेत घाम गाळून प्रार्थना केली ती कोणाला केली? आरशात बघून?"

"ती पुत्राने बापाला केली. म्हणून तर दोन व्यक्ती, देव एक!"

टण, असा आतून आवाज येई. काका लगेच उठत, आत जात, मिनिटभराने बाहेर येत.

"काय झालं?"

"काय नाय. पाणी पायजे व्हतं. तू बोल."

मला याचा राग येई. नेमका माझा मुद्दा रंगात आला की काकूंना तहान लागायची. काकांचा मुद्दा चालू असताना कधी लागायची नाही.

भागीरथी कधीकधी जाता जाता उंबऱ्यात टेकायची. एकदा आमचं ऐकून म्हणाली, "आमच्या मिठागरावर खाडीचं पाणी लागतं, ऊन लागतं, वारा लागतो. तिन्ही लागतात तवा मीठ व्हतं. त्यातला मोठा कोण, ता कोन इचारत नाय."

आम्ही दोघेही तिच्यावर तुटून पडलो. मी म्हणालो, "बघा! तीन मिळून एक!" काका म्हणाले, "पण मीठ एकच ना? मग?" आणि दोघांनी एकदम विचारलं, "भागीरथी, तू कुणाच्या बाजूची?"

"मी मिठाच्या," ती म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.

दोनेक महिन्यांनी छापखान्याच्या पत्त्यावर मला निनावी पत्रं येऊ लागली. आंतरदेशीय पत्रावर मोठी सुटी अक्षरं, खाली सही नाही. आत फक्त मुद्दे, सगळे त्रैक्याच्या बाजूचे, आणि काय मुद्दे! माझ्या वडिलांच्या अख्ख्या गठ्ठ्यात असले नव्हते. एकात लिहिलं होतं, "देव प्रीती आहे म्हणता. जग नव्हतं तेव्हा तो एकटा कोणावर प्रीती करत होता? प्रीतीला दुसरा लागतो." मी ते वाचून टायपाच्या खोक्यावर मूठ आपटली. फोरमन म्हणाला, पगार वाढला का?

मी समजलो, माझा कुणी गुप्त पाठीराखा आहे. एखादा निवृत्त पाळक असेल, माझी तळमळ पाहून पुढे सरसावलेला. कुणी का असेना, मुद्दे मी वापरले. शनिवारी प्रीतीचा मुद्दा टाकला. आतून टण टण. काका पाणी द्यायला गेले आणि बाहेर आले ते हसत. हरलेला माणूस हसतो कसा, हे मला कळलं नाही.

मग ते पत्र आलं. "नवराबायको काट्यावर एकत्र उभे राहिले. आकडा एकच आला. त्यात दोघांपैकी कोणी कमी झालं का? मग बापाबरोबर पुत्र देव म्हटला तर बाप कमी कसा होईल?"

त्या शनिवारी हे मी ओट्यावर उभं राहून म्हटलं. वजनकाट्याच्या माणसाला वजनकाट्यानेच मारलं, म्हणून मी खुशीत होतो. आत चमचा वाजू लागला तो थांबेचना. टण टण टण टण. काका जागचे हलले नाहीत. तळहात पुढे केला, पण "काट्यावर चढवा" तोंडातून निघालं नाही. नुसते आडव्या केलेल्या त्या हाताकडे बघत राहिले.

"काका, काकूंना पाणी हवंय."

"व्हय," ते म्हणाले आणि आत गेले. परत बाहेर आलेच नाहीत. मी वाट बघून घरी गेलो, जिंकून.

जिंकलेला तरुण माणूस फार धोकादायक असतो. मला वाटलं, उत्तर संपलं म्हणजे वाद संपला, आणि वाद संपल्यावरही जो खाली बसतो तो हट्टी. हट्टाला मंडळीत जागा का? मी पाळकसाहेबांना रीतसर अर्ज लिहिला. त्रिभुवन यांनी येशूच्या देवत्वावर मंडळीसमोर सही करावी, नाहीतर सभासदांच्या यादीतून त्यांचं नाव कमी करावं. आणि छापखान्यात पत्रक जुळवलं, "रोहा मंडळीला सात सवाल!" कागद हमरापूरच्या माहितीपत्रकांतला उरलेला, गुलाबी. एका बाजूलाच छापलं.

नाव कमी होणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. महिन्यातून एका रविवारी पेणहून पाळकसाहेब येत. उपासना झाली की भाकर आणि प्याला घेऊन वरसेला जात. काकूंच्या खाटेशी प्रभुभोजन होई. भाकरीचा एकच तुकडा काका हातात घेत, अर्धा काकूंना भरवत, अर्धा स्वतः खात. नाव गेलं की काकूंचा अर्धा राहणार होता, काकांचा बंद. त्यांनी त्या वेळी आपल्याच घराच्या ओट्यावर थांबायचं. हे सगळं माहीत असून मी अर्ज पोस्टात टाकला. पाळकसाहेबांनी तो पुढच्या रविवारच्या सभेत ठेवायचं ठरवलं आणि काकांना तसं कळवलं.

पाठीमागून वार करायचा नाही, हा माझा बाणा. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी पत्रकाची पहिली प्रत काकांच्या हातात द्यायला मी वरसेला गेलो. पाच वाजले होते. काका औषधं आणायला पेणला गेले होते. भागीरथी काकूंना भात भरवत होती.

"काय रं ता गुलाबी?"

"पत्रक आहे. काकांसाठी."

"मला कुटं वाचता येतं! वाच की मोठ्यानं. हिला आयकायला आवडतं तुझं."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. उंबऱ्यात उभा राहून मी वाचू लागलो. पहिला सवाल, थोमाचा. टण. मी थांबलो. "भागीरथीबाई, पाणी द्या त्यांना."

"पानी?" ती हसायला लागली. "अरं येड्या, पानी पायजे आसल तं ती डोळ्यानं सांगते. ता तू बरोबर बोललास म्हनून वाजवते."

मी काकूंकडे बघितलं. डोळे माझ्यावर रोखलेले, चमचा तयार. मी दुसरा सवाल वाचला. टण. तिसरा, प्रीतीचा. टण टण. आयुष्यात माझ्या लिखाणाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. सहावा काट्याचा, त्याला तर दांडी दणाणली. मी त्याच तारेत सातवा वाचला. "म्हणून आम्ही विचारतो, सही न करणाऱ्याचे नाव मंडळीच्या यादीत का असावे?"

काहीच वाजलं नाही.

मी वर बघितलं. काकूंनी चमचा छातीवर ठेवला होता, त्यावर डावा हात, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"काय वाचलंस?" भागीरथीने विचारलं. मी सांगितलं. तिने भाताची थाळी खाली ठेवली, खाटेखालून एक पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्यापुढे आदळला. "आता हे बी वाच. शिकलेला हायस ना?"

डब्यात वजनकाट्याच्या जुन्या, कोऱ्या राहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, शेकड्यांनी. प्रत्येकीच्या पाठीवर बारीक, तिरकं, बायकी अक्षर. प्रीतीला दुसरा लागतो. थोमाला अडवले नाही. मीठ, पाणी, दिवा, वात, तेल. सगळे माझे मुद्दे. म्हणजे माझे नव्हेतच. एका पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर, "काट्यावर दोघे उभे राहिलो. आकडा एकच आला."

"कंपनीत पहिल्या दिवशी काट्यावर बसला ना, तवा डबा द्यायला गेलेली ही," भागीरथी सांगू लागली. "त्यानं हिला ट्रकच्या जागी उभी केली नि आपन बी जाऊन उभा ऱ्हायला. तवापासून हा वाद हाय त्यांचा. रोज जेवल्यावर. आता हिची वाचा गेली. मंग तो दुपारी डबा घेऊन बसतो, एकेक कागुद वाचून दाखवतो. जो पाठवायचा त्याला ही चमचा वाजवते. मंग तो तुला लिवतो."

मी खाली बसलो. उंबऱ्यावरच. तिथे बाक नव्हतं, म्हणून आवाज झाला नाही. इतके दिवस मी स्वतःला योद्धा समजत होतो आणि मी होतो पोस्टमन. वाद माझा नव्हताच. आत खाटेवर पडलेली बाई आपल्या नवऱ्याशी भांडत होती आणि तिला माझा घसा भाड्याने मिळाला होता, तोही फुकट.

तेवढ्यात काका आले. उघडा डबा पाहिला, माझ्या हातातलं गुलाबी पत्रक पाहिलं. औषधं फळीवर ठेवली.

"काका, हे मुद्दे तुम्हीच का नाही म्हणून दाखवलेत त्यांना?"

"म्हटले की! पैल्या महिन्यात रोज म्हटले. ही चमचाच वाजवीना. मला पटत नायत ना ते, माझ्या तोंडी खोटे वाजतात. तिला लगेच कळतं." ते खाटेच्या कडेला टेकले. "ज्याला पटतात त्याच्याच तोंडून यायला पायजेत. तेरा घरं फिरलो मी. सगळे म्हणतात, व्हय काका, असंल काका. गरम डोक्याचा तूच एक निघालास."

"आणि उद्या?"

त्यांनी काकूंचा पदर सारखा केला. "उद्याचं उद्या," म्हणाले.

रविवारी मी गुलाबी गठ्ठा पिशवीत घालून गेलो. का नेला, मला माहीत नाही. गठ्ठ्याशिवाय घराबाहेर पडायची सवय नव्हती. काका पहिल्या बाकाशी होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद दिसत होता. कागद पातळ होता आणि त्यातून मोठी सुटी अक्षरं उमटलेली दिसत होती. त्यांनी सही करून आणली होती.

मतांगीकार सुरू झाला. ते वाक्य जवळ आलं. चौदा घरांतली माणसं, लहानमोठी, कर्रची वाट बघत होती.

कर्र झालं नाही.

काका उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, हात मांड्यांना चिकटलेले. एकतीस वर्षं ज्या वाक्याला ते बसले, त्या वाक्याला ते उभे होते. अर्ध्या भाकरीसाठी. आमचा सूर फाटला. कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं. माझ्या आईचा तर मतांगीकारच हरवला, ती मला कोपराने ढोसून विचारू लागली, "अरे, आपण कुठवर आलो?"

मी दोन बाकं ओलांडून पुढे गेलो. मला भाषण करता आलं असतं, मथळासुद्धा सुचला होता. पण मी फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बसा हो. अजून वाक्य संपलं नाहीये."

कर्र.

काय सांगू तुम्हाला! सबंध खोलीने श्वास सोडला. पाळकसाहेबांनीसुद्धा. आईला तिची ओळ सापडली. सूर जुळला, वाक्य संपलं, बाक पुन्हा वाजलं आणि काका उठून उरलेला मतांगीकार असा गरजले की गिरणीतले दोघे दारात आले.

सभेत पाळकसाहेबांनी अर्ज बाहेर काढला. "हा अर्ज..."

"माझा आहे. मागे घेतो," मी म्हणालो.

"कारण लिहावं लागेल."

"वाद संपलेला नाही, असं लिहा."

पाळकसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. आठवडाभर ते या सभेच्या धास्तीने झोपले नव्हते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आई मागून म्हणाली, "बरं झालं बाई. ते बसतात म्हणून तर मला कळतं, अर्धं झालं ते." आणि हा शेरा इतिवृत्तात नोंदवावा अशी काकांनी सूचना मांडली.

काकांच्या खिशातला कागद त्यांनी बाहेर आल्यावर माझ्यासमोर फाडला. तुकडे खिशातच ठेवले, बालवाडीच्या अंगणात टाकले नाहीत. मग आम्ही पाळकसाहेबांबरोबर वरसेला गेलो. भाकरीचा तुकडा एकच होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मी ओट्यावर थांबलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच थांबलो. आतून चमचा एकदाच वाजला. भागीरथी डोकावून म्हणाली, "तुला बोलवते. ये आत."

एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व. येशू देव आहे, हे मी आजही मानतो. काका आजही मानत नाहीत. काट्याच्या मुद्द्यावर त्यांचं उत्तर काय, असं मी पुढच्या शनिवारी विचारलं. म्हणाले, "एकतीस वर्षं शोधतोय. सापडत नाय. पण माझं उत्तर नाय म्हणून ती बरोबर ठरत नाय." आत दांडी कडाडली.

आणि ती गुलाबी पत्रकं? पाठकोरी होती. काकांनी सगळी मागून नेली. आता मला मुद्दे त्यांच्या पाठीवर लिहून येतात, पुढच्या बाजूला माझे सात सवाल आणि मागे काकूंचे. सातवा सवाल मात्र प्रत्येक प्रतीवर शाईने खोडलेला असतो. तो कोणी खोडायला सांगितला, हे मी विचारलेलं नाही.

हे आज लिहायचं कारण असं. पुढच्या महिन्यापासून मला महाडच्या छापखान्यात काम मिळालंय. दर शनिवारी सहाला वरसेला पोचणं जमेलसं दिसत नाही. तेव्हा तुमच्यापैकी ज्याला कुणाला त्रैक्य मनापासून पटतं, त्याने रोह्याला यावं. नुसतं "व्हय काका" म्हणणाऱ्याने येऊ नये. वरसेच्या टोकाचं घर कुणीही दाखवेल. ओट्यावर समोरच्या खुर्चीत बसा, आतलं दार सताड उघडं आहे ना ते बघा, आणि घसा फाटेपर्यंत भांडा. डब्यातल्या चिठ्ठ्या अजून अर्ध्यासुद्धा झालेल्या नाहीत.

आणि आतून चमचा वाजला, तर पाणी आणायला उठू नका. पुढचा मुद्दा मांडा.